वाचक विचारतात : बहाई धर्म पश्चिमेकडे नेला तरी कोणी?

प्रश्न : दिल्लीचं लोटस टेंपल बघून आले. तिथे कळलं की बहाई धर्म मूळ इराणातला, आणि त्यांच्यात पुजारी, पाद्री, मुल्ला असलं कोणी नसतंच. मग अमेरिका-युरोपात तो पोचवला कोणी? मिशनरी पाठवले होते का?

उत्तर : पगारी मिशनरी नव्हतेच हो, आणि म्हणूनच ही सगळी मंडळी वाचायला मजा येते, एक विमा कंपनीतला माणूस, एक पत्रकार बाई, एक फिरता विक्रेता, एक आजारी मुलगी, असे लोक.

सुरुवात केली इब्राहिम खैरुल्ला नावाच्या लेबनीज गृहस्थांनी. ते आधी ख्रिश्चन, कैरोत बहाई झाले, १८९२ च्या शेवटी अमेरिकेत पोचले आणि १८९४ पासून शिकागोत क्लास घ्यायला लागले. क्लासची पद्धत एकदम भारी, धड्यामागून धडे आणि खरं गुपित शेवटी, मग लोक टिकून राहणारच ना! त्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत होते थॉर्नटन चेस, विमा कंपनीत नोकरी, तरुणपणी अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले. त्यांना पश्चिमेतले पहिले बहाई म्हणतात. पण खैरुल्ला शिकवायचे त्यात बरंचसं त्यांचं स्वतःचं होतं, बहाउल्लांचं (हेच बहाई धर्माचे संस्थापक) कमी. पुढे १९०० च्या आसपास त्यांचं अब्दुल बहांशी (बहाउल्लांचे थोरले चिरंजीव आणि वारस) फाटलं आणि ते बाजूला झाले. गुरुजी गेले तरी बरेच विद्यार्थी राहिले, चेस त्यातलेच.

प्रश्न : या कामात बायकाच जास्त होत्या असं ऐकलं. खरं का?

उत्तर : खरंय, निदान मला तरी वाचताना बायकाच पुढे दिसतात. स्त्री-पुरुष समान ही शिकवणच आहे त्यांची, त्या काळात हे ऐकून कोणीही कान टवकारले असते.

लुआ गेटसिंगर १८९७ ला बहाई झाली आणि तिने कॅलिफोर्नियात फीबी हर्स्ट बाईंना ही गोष्ट सांगितली. हर्स्ट म्हणजे सिनेटरची विधवा, वृत्तपत्रवाल्या हर्स्टची आई, पैशाला तोटा नाही. त्यांनी खर्च केला आणि १८९८ च्या डिसेंबरात पाश्चात्त्यांची पहिली तुकडी अक्क्याला (आज इस्रायलमध्ये, तेव्हा तुर्की राज्यात) पोचली. अब्दुल बहा तेव्हा तुर्की सरकारचे कैदी, त्यामुळे कोणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून सगळे एकदम न जाता थोडे थोडे करून गेले. हर्स्टबाईंचे बटलर रॉबर्ट टर्नर पण सोबत होते, ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन बहाई.

त्याच यात्रेत मे बोल्स होती, ती आजारी मुलगी म्हटलं ना ती हीच. पॅरिसला परत येऊन तिने युरोपातला पहिला बहाई गट जमवला. तिच्याकडे १९०१ मध्ये थॉमस ब्रेकवेल नावाचा इंग्रज तरुण आला, अमेरिकेत कापड गिरणीत चांगल्या पगारावर होता, तीन-चार दिवसात बहाई झाला आणि लगेच अक्का गाठलं. तिथे अब्दुल बहांना मनातली बोच बोलून दाखवली की आमच्या गिरणीत लहान पोरं राबतात. उत्तर आलं, तार करून राजीनामा दे, आणि त्याने खरंच दिला! पुढच्याच वर्षी क्षयाने गेला बिचारा.

लॉरा बार्नीचं काम तर आमच्या या सदराच्या जवळचं. ती अक्क्याला जाऊन राहायची आणि जेवणाच्या टेबलावर अब्दुल बहांना प्रश्न विचारायची, उत्तरं टिपून घेतली जायची, त्याचं १९०८ मध्ये पुस्तक झालं. (टेबलावर बसलेल्याला जेवू तरी देत होती का, कोण जाणे.)

पण माझी आवडती मार्था रूट. पिट्सबर्गची पत्रकार, १९१९ मध्ये दक्षिण अमेरिकेला निघाली आणि पुढची वीस वर्षं फिरतच राहिली, पैसे कायम जेमतेम, बोटीवर स्वस्त तिकीट, हातात एस्परांतो (सगळ्या जगाला एक असावी म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा), आणि जाईल तिथे वर्तमानपत्राच्या ऑफिसात पहिली हजेरी. १९२६ मध्ये रुमानियाच्या राणी मेरीला भेटली आणि त्या राणीने नंतर उघडपणे बहाई शिकवणीबद्दल लिहिलं. १९३९ मध्ये होनोलुलूत गेली, प्रवासातच.

फिरता विक्रेता राहिला की! हाइड डन, मूळचे इंग्रज, कॅलिफोर्नियात राहायचे. अब्दुल बहांनी अमेरिकेतल्या बहाईंना पत्रं लिहिली होती की जगभर पांगा. ती वाचून हे आणि बायको क्लारा १९२० मध्ये ऑस्ट्रेलियाला गेले. हाइडचं वय तेव्हा पासष्टच्या आसपास, आपण या वयात पेन्शनचे कागद शोधत असतो.

प्रश्न : यातलं भारतात कोणी आलं होतं का?

उत्तर : आले की. लुआ १९१४ च्या सुमारास आली होती, मार्था रूट पण येऊन गेली. त्यांच्याही आधी १९०४-०५ मध्ये सिडनी स्प्रेग हा अमेरिकन आला. मुंबईत तेव्हा इराणी आणि झरथुष्ट्री घरातले बहाई होतेच, त्यामुळे शिकवायला आला म्हणण्यापेक्षा भेटायला आला म्हणू. लाहोरला तो टायफॉइडने आडवा झाला, अनोळखी गाव, जवळ कोणी नाही. तेव्हा मुंबईचा कैखुस्रो नावाचा झरथुष्ट्री घरातला बहाई दुकान वगैरे टाकून थेट लाहोरला गेला आणि त्याची सेवा केली. स्प्रेग बरा झाला. कैखुस्रो मात्र तिथेच आजारी पडला आणि गेला.