वाचलेल्या अठरा हजारांवर फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक ४२ वर्षांचे, चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला, हातात येणारा पगार ६२,०००. राहायला चिंचवडला वडिलांचा फ्लॅट, मुलगी नववीत. नऊ महिन्यांपूर्वी मुक्तांगणमध्ये उपचार घेऊन दारू सोडली, तेव्हापासून थेंब नाही. त्यांच्या हिशेबाने महिन्याला १८,००० वाचतात आणि दीड वर्षाने पर्सनल लोनचा ९,४०० चा हप्ताही संपेल. झाले २७,४००. त्या भरवशावर वाघोलीत काम चालू असलेला ३६ लाखांचा वन बीएचके गुंतवणूक म्हणून घ्यायचा आहे. कर्ज २८ लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण २४,३००. बाकीचे पैसे पीएफमधून आणि बायकोचं सोनं मोडून. ते लिहितात, "नाहीतरी हे पैसे बाटलीतच गेले असते." शिवाय संध्याकाळी वेळ खायला उठतो, मेहुणे म्हणतात शनिवार-रविवार रात्री कॅब चालव. चालवू का?

तुमचं मनापासून अभिनंदन. आणि लगेच नकार: हा फ्लॅट आत्ता नको.

आधी ते १८,०००. तुम्ही क्वार्टर, शनिवारची परमिट रूम, चखणा, रात्रीची रिक्षा असं सगळं मांडून आकडा काढला आहे आणि क्वार्टरला आजचा भाव लावला आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, तेव्हा बाटली महागली हे खरं. पण न प्यायलेल्या दारूचा भाव वाढला म्हणून आपली बचत वाढत नाही.

तुम्ही सोबत जोडलेलं बँक स्टेटमेंट वेगळंच सांगतं. नऊ महिने गुणिले १८,००० म्हणजे १,६२,००० खात्यात दिसायला हवेत. शिल्लक वाढली आहे ६१,००० ने. उरलेले लाखभर कुठे गेले? गेले कुठेच नाहीत, ते तुमचे नव्हतेच. परमिट रूमचं बिल तुम्ही क्रेडिट कार्डावर टाकत होता. ते थांबलं म्हणजे कर्ज वाढायचं थांबलं, खिशात नोटा आल्या नाहीत. काही पैसे मुलीच्या क्लासला आणि वडिलांच्या औषधांना गेले, जे आधीही जायला हवे होते. त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही.

आता एक गोष्ट तुमच्या हिशेबात नाहीच. मागच्या मार्चमध्ये पगार जमा झाला ५८,०००, मेमध्ये ५६,०००. दोन दिवस बिनपगारी, तीन दिवस बिनपगारी. सोमवारच्या दांड्या. तुमचा एक दिवस साधारण २,००० रुपयांचा आहे. गेल्या नऊ महिन्यांत एकदाही पगार कापलेला नाही. महिन्याला दोन दिवस धरले तरी ३६,००० होतात. म्हणजे साठलेल्या ६१,००० मधला निम्म्याहून जास्त वाटा न घेतलेल्या बाटलीचा नाही, न बुडवलेल्या सोमवारचा आहे. तुम्हाला पैसे परत मिळाले त्याहून जास्त दिवस परत मिळालेत, आणि माझा पुढचा सगळा सल्ला त्यावरच उभा आहे.

खरी बचत आज महिन्याला सात हजारांच्या आसपास. त्यावर २४,३०० चा हप्ता चढवायचा कसा? बिल्डरचा माणूस म्हणेल, पझेशनपर्यंत फक्त प्री-ईएमआय, म्हणजे बँकेने दिलेल्या रकमेवरचं नुसतं व्याज, मग भाडं सुरू होईल. तोवर भाडं शून्य. शिवाय ३६ लाख ही पूर्ण किंमत नव्हे. वाघोली आता पुणे महापालिकेत आहे. तुमच्या नावावर मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे २,५२,०००. फक्त पत्नीच्या नावावर घेतलात तर एक टक्का कमी. नोंदणी ३०,०००, आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला तर जीएसटी एक टक्का, ३६,०००. सव्वातीन लाख वरखर्च, आणि त्याला सहसा गृहकर्ज मिळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या घरात कुणी उघड बोलणार नाही. पहिली एक-दोन वर्षं नाजूक असतात, हे मुक्तांगणमध्ये तुम्हाला सांगितलं असेलच. तिथल्या विषयात मी बोलणं योग्य नाही. पैशाच्या बाजूने एवढंच, की आर्थिक आखणी अशी हवी जी एखादा वाईट महिना सोसेल. पगार तुटला तरी हप्ता पाच तारखेला येतोच. आणि हप्त्याच्या चिंतेने झोप उडाली की तुमचा हात कुठे जायचा, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग करायचं काय? तुमच्या पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख आहे की वहिनींच्या पाटल्या दोन वर्षं पतसंस्थेत तारण आहेत, ४५,००० वर. त्या या महिन्यात सोडवा, साठलेल्या ६१,००० मधून. व्याजाच्या गणिताने कार्ड आधी यायला हवं, मला कळतं. तरी पाटल्या आधी. आणि ज्यांच्या पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत त्यांचंच उरलेलं सोनं फ्लॅटसाठी मोडायचं म्हणताय, हे मला अजिबात पटलेलं नाही.

त्याच आठवड्यात कार्ड. ८५,००० थकीत, महिन्याला साडेतीन टक्के व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दरमहा जवळपास ३,५०० नुसतं व्याजात. तुम्ही किमान रक्कम भरता, चार हजारांच्या वर, त्यामुळे मुद्दल जागचं हलत नाही. दीड लाखाची एफडी तुम्हाला सात टक्केसुद्धा देत नसेल. ती मोडा, कार्ड पूर्ण फेडा आणि बंद करायचा अर्ज द्या. कमी लिमिटचं ठेवू का, असं विचाराल. नको.

यानंतर हाताशी उरतील ऐंशी हजार. तो अडीअडचणीचा पैसा, पत्नीसोबतच्या जॉइंट खात्यात. कार्डाचे चार हजार सुटल्यावर महिन्याची बचत अकरा हजारांवर जाईल. त्यातले पाच हजार इंडेक्स फंडाच्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपीत, म्हणजे दरमहा ठरलेल्या गुंतवणुकीत, पगाराच्या दुसऱ्या दिवशी. बाकी याच खात्यात, दोन-अडीच लाख होईपर्यंत. पर्सनल लोन संपल्यावर ९,४०० मोकळे होतील, तेव्हा मुलगी अकरावीत असेल. ते तिच्यासाठीच राखून ठेवा.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या नावावर टर्म इन्शुरन्स, म्हणजे निव्वळ मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, नाही. अर्जात दारूबद्दल थेट प्रश्न असतो. मित्र म्हणतील, "सोडलीय ना, मग 'नाही' लिही." तसं करू नका. उपचारांसकट खरं लिहा. कंपनी हप्ता वाढवेल, कदाचित 'वर्षभराने या' म्हणेल. चालेल. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिली तीन वर्षं लपवलेल्या माहितीवरून पॉलिसी नाकारता येते, आणि त्या वेळी उत्तर द्यायला तुम्ही नसाल, वहिनी असतील. आरोग्य विमाही कंपनीच्या ग्रुप पॉलिसीपलीकडे स्वतःचा हवा. व्यसनमुक्तीच्या उपचारांचा आणि व्यसनामुळे झालेल्या आजारांचा खर्च त्यात बहुधा मिळत नाही, बाकी आजारांचा मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसींच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा दिलासा.

राहिली कॅब. मेहुण्यांचा हेतू चांगला असेल. पण शनिवारी रात्री अकरानंतर बाणेर, कोरेगाव पार्कातून कोण गाडीत बसतं? प्यायलेली माणसं. त्यांच्या वासात तासन् तास बसायचं, पहाटे घरी यायचं आणि सोमवारी पुन्हा दांडी. दोन रात्रींत पेट्रोल जाऊन जे मिळेल ते एका बिनपगारी दिवसात साफ होईल. त्याऐवजी तुमच्याच कामातला पीएलसीचा (कारखान्यातली यंत्रं आपोआप चालवणारा संगणक) रविवार-सकाळचा वर्ग बघा. फी भरण्याआधी सुपरवायझरला विचारा, की पुढच्या ग्रेडसाठी कंपनी कोणतं प्रमाणपत्र मानते. संध्याकाळच्या चारही तासांचे पैसे व्हायलाच हवेत असं नाही. मुलीचं नववीचं गणित घ्या, फॉलोअपच्या वारी दुसरं काही ठेवू नका.

बिल्डरला टोकन दिलं नसेल तर देऊ नका. दिलं असेल तर ते परत कसं मिळतं हे आधी लेखी विचारा, आणि पावती व प्रकल्पाचा महारेरा क्रमांक (राज्याच्या गृहनिर्माण नियामकाकडचा नोंदणी क्रमांक) मला पाठवा. करारनामा नोंदवल्याशिवाय त्यांना दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, त्यामुळे अजून सही झालेली नसेल तर फार पैसे अडकलेले नसावेत.