वाचक विचारतात : सफ सरळ, सजदा पुरा

प्रश्न : कोंढव्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रमजानात तरावीहची (रात्रीच्या खास नमाजाची) जमात, म्हणजे सामूहिक नमाज, होते. सतरंज्या नीट अंथरूनही सफ (नमाजींची रांग) वाकडी होते, मग कुजबुज सुरू. काय करावे?

उत्तर : आधी सतरंजीच तपासा. पुण्याहून किबला, म्हणजे मक्केतल्या काबागृहाची दिशा, सरळ पश्चिमेला नाही, उत्तरेकडे सुमारे 11 अंश कललेला आहे; होकायंत्रावर 281 अंश. हॉलची भिंत बरोबर पश्चिमेची असेल आणि सतरंजी तिला समांतर टाकली, तर अख्खी सफ तेवढी चुकते. हनफी पंथाच्या फिकहनुसार (धर्मशास्त्रानुसार) 45 अंशांच्या आतल्या फरकाने नमाज बाद होत नाही, म्हणून मागच्या नमाजांची चिंता नको. पण आता रेषा दुरुस्त करा. उजवीकडे जाल तसे दर मीटरला साधारण 19 सेंटिमीटर भिंतीपासून मागे सरका आणि त्या तिरक्या रेषेवर चिकटपट्टी लावा.

मोबाईलच्या होकायंत्रावर विसंबू नका. लिफ्ट, लोखंडी सळ्या, चुंबकाचे कव्हर, कशानेही त्याची सुई फिरते. 27 किंवा 28 मे रोजी दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी सूर्य काबागृहाच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या वेळी गच्चीवर ओळंबा टांगा. सावलीच्या टोकाकडून ओळंब्याकडे जाणारी दिशा म्हणजे किबला. 15-16 जुलैलाही 2 वाजून 57 मिनिटांनी हीच संधी येते, पण पुण्याच्या जुलैत ऊन मिळेल या भरवशावर कुणी राहू नये.

आता माणसे. पट्टीवर टाचा टेकायच्या, बोटे नव्हे. प्रत्येकाचे पाऊल लहानमोठे असते. बोटे जुळवली तर मोठ्या पावलाचा माणूस खांद्याने मागे जातो. टाच आणि घोटा जुळले की खांदे आपोआप एका ओळीत येतात. दोन सफांमध्ये चार फूट ठेवा, नाहीतर मागच्याचे डोके पुढच्याच्या टाचेवर आपटते.

सफ इमामाच्या बरोबर मागून सुरू होते आणि उजवी-डावीकडे सारखी वाढते. पहिली भरल्याशिवाय दुसरी नाही, आणि दुसरीही मधूनच. आपल्याकडे ती बहुतेक वेळा पंख्याखालून सुरू होते! इमामाने तकबीरपूर्वी (नमाज सुरू करणाऱ्या ‘अल्लाहू अकबर’पूर्वी) वळून पाहावे, रिकामी जागा बोटाने दाखवावी. ‘सफा सीध्या करा’ एवढे पुटपुटून हात बांधण्यात अर्थ नाही.

प्रश्न : शेजारचा माणूस पाय फाकवून माझ्या पायावर पाय दाबतो. मी आक्रसलो की तो आणखी सरकतो. बरोबर कोण?

उत्तर : घोट्याला घोटा, गुडघ्याला गुडघा आणि खांद्याला खांदा भिडवण्याचे वर्णन पैगंबरांचे सहकारी नुमान बिन बशीर यांच्या रिवायतीत (त्यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये) येते. अहले-हदीस पंथाची मंडळी ते शब्दशः घेतात. हनफी उलेमा त्याचा अर्थ ‘मध्ये फट ठेवू नका’ असा लावतात. दोघांचाही हेतू फट बुजवण्याचा. पाय खांद्यांपेक्षा जास्त फाकले की खाली पाय भिडतात आणि वर खांद्यांत वीतभर जागा उरते, म्हणजे हेतूच हुकला. हनफी पद्धतीत दोन पावलांत चार बोटे अंतर, शाफई पंथीयांमध्ये साधारण एक वीत. फट दिसली तर पाय लांबवू नका, सगळे शरीर इमामाच्या बाजूला सरकवा. तुम्हीही आक्रसू नका. त्यानेच नवी फट पडते.

पहिल्या रकातीत (नमाजाच्या एका आवर्तनात) सरळ असलेली सफ दुसरीत बिघडते, कारण सजद्यातून, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवून झाल्यावर, उठताना एक पाय नकळत पुढे पडतो. उठल्यावर टाच पुन्हा पट्टीवर आणा.

प्रश्न : आमचे जावई रत्नागिरीकडचे कोकणी आहेत. ते हात नाभीच्या वर बांधतात, रुकूला (कमरेत वाकायला) जाता-येता हात उचलतात. आमच्या सफेत चालेल?

उत्तर : चालेल. ते शाफई मसलकचे (पंथाचे), तुम्ही हनफी. दोन्ही पद्धती प्रस्थापित आहेत. शेवटच्या कायद्यात (नमाजातल्या बैठकीत) ते डावा पाय उजव्या पायाखालून बाहेर काढून कुल्ल्यावर बसतील, तेव्हा बाजूला जरा जागा लागते. दाटीत चिडचिड होते ती याचीच.

प्रश्न : सजदा घाईत होतो असे इमामसाहेब म्हणतात. नेमके काय चुकते? आणि वडिलांना गुडघ्यांमुळे खुर्ची लागते, ती कुठे ठेवावी?

उत्तर : सजद्यात सात अवयव जमिनीला लागले पाहिजेत : नाकासह कपाळ, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे, दोन्ही पावलांची बोटे. नेहमीच्या चुका तीन. नाक अधांतरी राहते. पावले हवेत उचलली जातात. बोटे दुमडून किबल्याकडे वळवा. पुरुषांची कोपरे जमिनीवर पसरतात. ती उचललेली हवीत, पण सफेत शेजाऱ्याच्या बरगडीत घुसतील इतकी फाकवू नका. जाड फोमची गादी असेल तर कपाळ घट्ट टेकेपर्यंत दाबा. हनफी क्रमाने उतरताना गुडघे, हात, नाक, कपाळ, उठताना उलट. रुकूत पाठ आडवी आणि डोके पाठीच्या रेषेत. घाई मात्र दोन जागी दिसते : रुकूनंतरचा कौमा (सरळ उभे राहणे) आणि दोन सजद्यांमधला जलसा (बसणे). तिथे एकदा ‘सुब्हानल्लाह’ म्हणण्याइतके तरी शरीर स्थिर होऊ द्या.

वडिलांना जमिनीवर बसून सजदा जमत असेल तर खुर्ची नको. नसेलच जमत आणि पूर्ण नमाज बसून होणार असेल, तर खुर्चीचे मागचे पाय टाचांच्या पट्टीवर ठेवा, म्हणजे खांदे ओळीत राहतील. कयाम (नमाजातला उभे राहण्याचा भाग) उभ्याने करणार असतील तर त्यांच्या टाचा पट्टीवर आणि खुर्ची मागे. ती मागच्या माणसाची सजद्याची जागा खाते, म्हणून अशी खुर्ची शेवटच्या सफेच्या टोकाला लावा. रुकूसाठी थोडे वाकायचे, सजद्यासाठी त्याहून जास्त. पुढे टेबल लागत नाही.