थेरपिस्टची पाठ वळली की व्यायाम बंद पडतात, काय करावं?

वृद्धसेवा केंद्रात सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, तक्ते लावले, तरी महिन्याभरात व्यायाम थांबले, असं तुम्ही लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हा अनुभव मलाही आलाय.

उपचाराबद्दल मनात शंका आणू नका. १९९४ सालच्या एका अभ्यासात अशाच केंद्रातल्या, सरासरी ८७ वर्षांच्या १०० अशक्त माणसांची पाहणी झाली. आठवड्यातून तीनदा, १० आठवडे वजनाचे व्यायाम करणाऱ्यांची स्नायूंची ताकद दुपटीहून वाढली!

अडतं ते कामाच्या रेट्यात. माझ्या केंद्रातल्या एक मदतनीस मावशी मला म्हणाल्या होत्या, "ताई, दहा जणांचं आवरायचं असतं. एकाला स्वतःची बटणं लावू द्यायला पंधरा मिनिटं कुठून देऊ?" त्यांचं बरोबर होतं. मग मी दोन सकाळी त्यांच्यासोबत काम केलं आणि माझी लांबलचक यादी बाजूला ठेवली. प्रत्येकासाठी एकच गोष्ट ठरवली. एका आजोबांसाठी ती होती खुर्चीतून उठणं. पक्षाघात झालेल्या बाजूचा हात धरून त्यांना वर ओढलं जायचं, त्याने खांदा दुखावतो. आता आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकवायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, पुढे झुकायला सांगायचं आणि थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात अवघड जातं, कारण हात आपोआप मदतीला धावतात. पण तेवढ्या वेळात ते स्वतः उठतात, आणि दिवसातून जितक्या वेळा उठतील तितका व्यायाम होतो, वेगळा तास लागत नाही.

संशोधक जॉन श्नेल आणि सहकाऱ्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. दिवसा दर दोन तासांनी शौचालयाला जायचं का विचारायचं आणि त्याच फेरीत उठबस, चालणं करून घ्यायचं. २००२ साली निकाल आले, ताकद, चालणं आणि लघवीवरचा ताबा टिकून राहिला किंवा सुधारला. मात्र एका फेरीला माणशी सुमारे २० मिनिटं लागली, म्हणजे एका मदतनिसाकडे पाचच जण. हा हिशोब व्यवस्थापनापुढे जरूर मांडा. माणसं न वाढवता सगळं होईल असं आश्वासन देऊ नका, त्याचा भार शेवटी मावशींवरच पडतो.

सुरुवात दोघा-तिघांपासून करा. आणि शिफ्ट बदलताना औषधांसोबत "आज किती वेळा स्वतः उठले" हेही सांगायला लावा.