मेम्ब्रेन बसवली तर गाळाचा डायजेस्टर निम्म्या जागेत बसेल का?

तुमच्या एसटीपीवर (मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर) डायजेस्टरला, म्हणजे हवेशिवाय गाळ पचवून बायोगॅस देणाऱ्या टाकीला, जागा कमी पडतेय आणि मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी, लावून टाकी निम्मी करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. करता येते. मी नाशिकमध्ये याच कामात आहे, म्हणून कुठे अडतं तेही सांगतो.

साध्या डायजेस्टरमध्ये पाणी आणि जीवाणू एकत्रच बाहेर पडतात. मिथेन तयार करणारे जीवाणू फार सावकाश वाढतात. म्हणून ३५ अंशांच्या आसपासही गाळ १५ ते २० दिवस टाकीत ठेवावा लागतो, नाहीतर ते वाढण्याआधीच वाहून जातात. रोज ५० घनमीटर गाळ आणि २० दिवस धरले, तर टाकी १००० घनमीटरची झाली.

मेम्ब्रेनचं काम श्रीखंडासाठी दही बांधतो तसं आहे: पाणी निथळतं, चक्का राहतो. ५०० घनमीटरच्या टाकीतून रोज २५ घनमीटर पाणी मेम्ब्रेनमधून आणि २५ घनमीटर पचलेला गाळ काढला, तर पाणी १० दिवसच थांबतं, पण जीवाणूंना २० दिवस मिळतात. आपल्या नाशिकच्या तपोवन आणि आगर टाकळी एसटीपींमधल्या यूएएसबीमध्येही (हवेशिवाय मैलापाणी पचवणाऱ्या टाक्यांमध्येही) जीवाणू धरून ठेवणं हेच मर्म आहे. फक्त तिथे मैलापाणीच खालून वर चढतं आणि गाळ स्वतःच्या वजनाने तळाशी राहतो.

आता अडचण. येणाऱ्या गाळात ३ टक्के घन पदार्थ असतील आणि त्यातला तिसरा हिस्सा पचला, तर साध्या टाकीत २ टक्के उरतात. वरच्या हिशेबात ते ४ टक्के होतात. इतका दाट गाळ मेम्ब्रेनला चिकटतो, जसं दह्याचं फडकं थोड्या वेळाने निथळेनासं होतं. थर बसू नये म्हणून टाकीतलाच बायोगॅस बुडबुड्यांनी सोडतात. हवा चालत नाही, ऑक्सिजन या जीवाणूंना मारक आहे. सेंद्रिय थर सोडियम हायपोक्लोराइटने निघतो. स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे खडे बसले तर सायट्रिक ॲसिड लागतं. टाकीत वाचलेला खर्च पंप, ब्लोअर आणि धुलाईत जातो की नाही, हे आधी मांडून बघा.

आणखी एक. निथळलेलं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण त्यात अमोनिया आणि फॉस्फेट भरपूर असतात. ते थेट गोदावरीत किंवा नासर्डीत सोडायचं नाही, एसटीपीच्या सुरुवातीला परत घ्यायचं. हा जादा भार एअरेशनच्या (मैलापाण्यात हवा सोडण्याच्या) हिशेबात धरा. हा मुद्दा हमखास विसरला जातो आणि मला त्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

थंडीचंही बघा. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा १० अंशांखाली जातो. टाकी गार पडली की मेम्ब्रेन कितीही चांगली असो, गॅस कमी होणारच. इन्सुलेशनवर काटकसर करू नका.

मी तुमच्या जागी असतो तर आधी गाळ घट्ट करणारं यंत्र लावून बघितलं असतं. ३ टक्क्यांचा गाळ ६ टक्के केला, तर मेम्ब्रेनशिवायही टाकी निम्मी होते. प्राथमिक (आधी तळाशी बसलेला) आणि दुय्यम (जीवाणूंच्या प्रक्रियेतून निघालेला) गाळाचं प्रमाण, घन पदार्थांची टक्केवारी आणि त्यातला सेंद्रिय भाग इथे लिहा, दोन्हींचा हिशेब करून देतो.