टीएसएच जरासा वाढलाय, सगळं खापर थायरॉइडवर फोडायचं का?

प्रश्न: डॉक्टर, वय ४१. दोन वर्षांत वजन ११ किलो वाढलंय. रिपोर्टमध्ये टीएसएच ६.८, फ्री टी४ नॉर्मल, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलेलं आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.९. म्हणजे या सगळ्याचं मूळ थायरॉइडच ना? मैत्रीण म्हणते थायरॉइडची गोळी सुरू कर, वजन आपोआप उतरेल. केस गळतात म्हणून बायोटिन हे व्हिटॅमिनपण घेतेय.

उत्तर: ताई, मैत्रिणीचं लगेच ऐकू नका. टी४ म्हणजे थायरॉइड ग्रंथी बनवते ते हार्मोन, आणि टीएसएच म्हणजे तिला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन. टी४ नॉर्मल आणि फक्त टीएसएच वाढलेला, याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात, म्हणजे ग्रंथी काम करतेय पण मेंदूला तिला जरा जास्त ढोसावं लागतंय. आता ११ किलोचं बघू. थायरॉइड चांगलाच मंदावलेला असला तरी त्याच्यामुळे वाढणारं वजन साधारण २ ते ४ किलो, आणि त्यातही बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ. तुमचा तर थोडासाच मंदावलाय, त्याच्या नावावर ११ किलो कसे लावणार?

उलट बऱ्याचदा गाडी दुसऱ्या दिशेने येते. चरबी वाढली की लेप्टिन हे चरबीतून येणारं हार्मोन वाढतं, ते मेंदूला टीएसएच जास्त सोडायला लावतं, त्यामुळे वजन जास्त असलेल्या कितीतरी लोकांचा टीएसएच थोडा वर असतो आणि वजन उतरलं की तोही गोळीशिवाय खाली येतो. एचबीए१सी ५.९ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या आधीची पायरी, आणि तो बहुतेक वजन आणि इन्सुलिन रेझिस्टन्सच्या (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्याच्या) खात्यातला.

म्हणून थायरॉइड अगदीच निर्दोष असंही नाही हं. हे हार्मोन कमी पडलं की लिव्हर रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही, त्यामुळे कोलेस्टेरॉल वाढण्यात त्याचा थोडा वाटा असू शकतो. पुढे स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) सुरू करायची वेळ आली तर डॉक्टरांना टीएसएच आवर्जून सांगा, थायरॉइड कमी असताना स्टॅटिनने स्नायू दुखायचा त्रास जास्त होतो.

आता करायचं काय, तर २-३ महिन्यांनी टेस्ट परत करा, सोबत अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करतंय का ते दाखवणारी टेस्ट). बरेच जण दुसऱ्या वेळी नॉर्मल निघतात. बायोटिन टेस्टच्या आधी किमान २-३ दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून, कारण त्याने टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आला तर पुढे थायरॉइड खरंच कमी होण्याची शक्यता जास्त, मग वर्षातून एकदा तरी तपासत राहायचं. टीएसएच १० च्या वर गेला तर बहुतेक डॉक्टर गोळी देतातच, आणि प्रेग्नन्सीचा विचार असेल तर आत्ताच भेटा, तिथे हिशोब वेगळा असतो.

आणि वजन उतरवायला म्हणून ही गोळी मैत्रिणीच्या स्ट्रिपमधून अजिबात घेऊ नका. डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात, आणि तुमची शुगर त्याने सुधारत नाही, उलट वाढूही शकते.