एकाकी व्हॅम्पायर आणि त्याचं सावज यांची जवळीक कथेत पटेल अशी कशी रंगवावी?

तुम्ही लिहिलंय की तुमचा व्हॅम्पायर शेकडो वर्षं एकटा आहे, एका मुलीला मारायला जातो आणि तिच्यातच गुंततो. पण वाचणारे म्हणतात, पटत नाही. पटणार नाहीच. एकटेपणा सगळा त्याच्या वाट्याला, आणि मुलीला भरलं घर, कॉलेज, मैत्रिणी. अशी मुलगी रात्री खिडकीत आलेल्या परक्या माणसाशी बोलत का बसेल? आधी सावज एकटं हवं.

व्हॅम्पायरचं मन गुंतणं हे हल्लीच्या सिनेमांचं खूळ आहे, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. आयरिश लेखक शेरिडन ल फानूची ‘कार्मिला’ ही व्हॅम्पायर-कथा १८७१-७२ साली आली, ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षं आधी. तिची पहिली काही प्रकरणं समोर ठेवून बसा. ऑस्ट्रियातल्या स्टिरियाच्या जंगलात एक गढी, वस्तीचं जवळचं गाव सात मैलांवर. एकोणीस वर्षांची लॉरा तिथे वडील आणि दोन शिक्षिकांसोबत राहते. एका जनरलची भाची बर्था पाहुणी येणार म्हणून ती कित्येक आठवडे वाट बघतेय. मग एका संध्याकाळी वडील सांगतात, बर्था वारली. त्याच संध्याकाळी गढीसमोर एक घोडागाडी उलटते आणि बेशुद्ध कार्मिलाला, म्हणजे कथेतल्या व्हॅम्पायरला, बाहेर काढतात. तिला ठेवून घ्या, असं वडिलांना कोण विनवतं? लॉराच. आणि बर्थाला मारणारी कार्मिलाच होती, हे वाचकाला फार पुढे कळतं. जी जागा भरायला ती आली, ती तिनेच रिकामी केलेली होती. योगायोग वाटणाऱ्या प्रसंगाला असं मागून कारण मिळालं की तो वाचकाला पटतो.

पुढे ल फानू ‘मी किती एकटी’ अशी भाषणं देत बसत नाही. कार्मिला दुपारी एकनंतर खाली येते, कपभर चॉकलेट घेते, खात काहीच नाही. एक फिरता कुबडा तावीजवाला खालून तिचा सुईसारखा दात बघतो आणि कानशीने घासून बोथट करून देतो म्हणतो; ती संतापते. पण तावीज दोघी घेतात! एका गावकरी मुलीची अंत्ययात्रा जाते तेव्हा लॉरा स्तोत्रात सूर मिसळते, तर कार्मिला कान झाकते, थरथरते. जवळीक आणि धोका एकाच प्रसंगात. तुमच्या मसुद्यात आधी चार पानं मैत्री आणि मग चार पानं भीती अशी वाटणी असेल, तर ती मोडा.

भूक मात्र काढू नका. ‘तो फक्त जनावरांचं रक्त पितो’ ही पळवाट घेतलीत की मुलगी सावजच उरत नाही. उलट हिशेब मांडा. पन्नास-पंचावन्न किलोच्या बाईच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त असतं. रक्तदानात एका वेळी ३५० मिली घेतात आणि स्त्रियांना पुढे चार महिने थांबायला सांगतात. तो रोज रात्री १०० मिली प्यायला, तर पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी येत नाहीत. प्रत्येक रात्री सुमारे ५० मिलिग्रॅम लोह जातं. शरीर दिवसाला एक-दोनच शोषतं. म्हणून ती धाडकन कोसळणार नाही. आधी जिना चढताना धाप, मग पापणीच्या आत पांढुरकं, छातीत धडधड, कदाचित बर्फ किंवा माती खावीशी वाटणं. हे त्याला दिसतंय आणि तरी तो येतोय, यातच तुमची कथा आहे.

त्याला मराठीत ‘वेताळ’ मात्र म्हणू नका. कोकण-गोव्यात वेताळ गाव राखणारा देव आहे, गोव्यातल्या आमोणे गावात त्याचं देऊळ आहे.

शेवट कसा करू, असंही तुम्ही विचारलंत. कार्मिलाला खुंटी ठोकून, डोकं उडवून जाळतात, राख नदीत सोडतात. तरी कित्येक वर्षांनी लॉराला दिवाणखान्याच्या दाराशी तिची हलकी पावलं ऐकू आल्यासारखी वाटतात. तुमच्या मुलीला काय ऐकू येईल, ते तुम्हीच ठरवा. रक्ताचे आकडे निरोगी बाईचे आहेत. तुमची नायिका आधीच अशक्त असेल, तर सगळं लवकर होईल.