सरकारी वकील नेमका कुणाचा? फिर्यादीचा की पोलिसांचा?

तुम्ही विचारलंय की सरकारी वकील हा प्रकार कधीपासून आहे आणि तो फिर्यादीचा असतो की पोलिसांचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: दोघांचाही नाही. मी सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे खालच्या कोर्टातली सरकारी वकील, म्हणून निवृत्त झाले, पण एवढी साधी गोष्ट मला घरच्याच एका माणसाला पटवता आलेली नाही.

इतिहास थोडक्यात. अथेन्समध्ये सरकारी वकील नव्हताच. कुणीही नागरिक खटला भरायचा आणि पाचवा हिस्साही मतं पडली नाहीत तर हजार द्राख्मा दंड. (आज ही तरतूद आणली तर निम्मी कोर्टं ओस पडतील.) इंग्लंडात कित्येक शतकं ज्याच्या घरी चोरी त्यानेच खटला चालवायचा. पुढे ते काम पोलिसांकडे गेलं आणि स्वतंत्र अभियोग खातं आलं थेट १९८६ साली! आपल्याकडे वकील म्हणजे मुळात दरबारातला प्रतिनिधी, पेशव्यांचे वकील निजामाकडे असत तसा. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलीस अधिकाऱ्यालाही खटला चालवता यायचा. १९७३च्या संहितेने ती वाट जवळपास बंद केली, पण कागदावर. महाराष्ट्रात आम्ही पोलीस खात्याच्याच प्रशासकीय ताब्यात राहिलो. आमचं केडर वेगळं करा, असं सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारला शहाणे प्रकरणात सांगितलं, ते १९९५ साली.

त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीची चोरी. आरोपीने कडब्याच्या गंजीखालून मोटार काढून दिली, असा मेमोरँडम पंचनामा, म्हणजे आरोपीने सांगितलं आणि पंचांसमोर वस्तू काढून दिली याची नोंद. सगळी केस त्यावर उभी. सकाळी व्हरांड्यात पंच माझ्याजवळ आला, टोपी हातात चुरगाळत. म्हणाला, "मॅडम, मी गंजीबिंजी काही बघितली नाही. स्टेशनात बोलावलं, मोटार टेबलाखाली होती, सही केली." पैरवीचा, म्हणजे कोर्टातलं पोलिसांचं काम बघणारा, हवालदार शेजारीच उभा होता. त्याने मला बाजूला घेतलं. "मॅडम, पढवून घ्या ना जरा. पुकारा व्हायला वेळ आहे."

मी पढवलं नाही. सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना, सरळ विचारलं, त्याने सरळ सांगितलं. त्याला फितूर घोषित करायची परवानगीही मी मागितली नाही, कारण तो फितूर नव्हताच. खरं बोलत होता. आरोपी सुटला. त्या संध्याकाळी अधिकाऱ्यांनी मला केबिनमध्ये अर्धा तास उभं ठेवून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्या नणंदेचे यजमान पोलीस खात्यात होते. तेव्हापासून प्रत्येक लग्नाकार्यात, पंगतीत, मोठ्याने: "वहिनी, सरकारचं मीठ खाऊन चोर सोडवलात." अहो भाऊजी, सरकारचं मीठ खाल्लं म्हणून तर पुरावा जसा आहे तसा कोर्टापुढे ठेवला. शिक्षा लावून घ्यायची हमी आम्ही दिलेली नसते. खोट्या पंचनाम्यावर माणूस आत जायला नको म्हणून तर आम्हाला पोलिसांपासून वेगळं काढलं ना?

आता हेही सांगते, सगळे अभियोक्ते काही धुतल्या तांदळासारखे नसतात. पुकारा झाल्यावर फाइल उघडणारे खूप आहेत, कामाच्या रेट्यात मीही तसं केलंय. आणि सेशन कोर्टातल्या नेमणुकांमध्ये राजकारण चालतं, ते मी नाकारणार नाही.

तुमच्या प्रकरणात सरकारी वकील लक्ष देत नाही असं वाटत असेल तर स्वतःचा वकील त्यांच्या मदतीला देता येतो. कोर्टाची परवानगी लागते. २००९च्या दुरुस्तीने ही सोय संहितेत आली, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. खटला मात्र सरकारी वकीलच चालवणार, तेव्हा त्यांच्याशी भांडू नका. त्याआधी पंचनाम्याची नक्कल काढा, पंचांना गाठा आणि एवढंच विचारा: सही केलीत तेव्हा तुम्ही कुठे होतात? पढवायला जाऊ नका, फक्त विचारा. भाऊजींना मी विचारलं होतं, तुमच्या नोकरीत किती पंचनामे जागेवर झाले? त्यांनी जिलबी मागवली.